प्रत्यय नाहीत, म्हणून स्वल्पविराम

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटावर असलेला एक मुलगा गेल्या वर्षी घामाघूम होऊन माझ्या टेबलापाशी आला. त्याच्या कराराचे वर्ष संपत आले होते. साहेब म्हणाले होते, पुढच्या वर्षासाठी पुन्हा सही करायची असेल तर एक मेल टाकून ठेव. पोराने कोणाला न विचारता मोबाइलवरच मेल लिहिला. 'री' म्हणजे पुन्हा, 'साइन' म्हणजे सही. दोन्ही जोडले आणि कळवून टाकले की मला माझे कॉन्ट्रॅक्ट 'रीसाइन' करायचे आहे. आता आर, ई, एस, आय, जी, एन ही सहा अक्षरे इंग्रजीत सलग आली की तो शब्द 'रिझाइन' असा वाचतात आणि त्याचा अर्थ होतो सोडून देणे, राजीनामा देणे. दुसऱ्या दिवशी ऑफिसचे उत्तर आले: आपला राजीनामा मिळाला, शेवटचा दिवस कळवा.

"ताई, स्पेलिंग तर बरोबर होतं ना?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. स्पेलिंग अगदी बरोबर होते. 'आर-ई'च्या पुढे एक आखूड आडवी रेघ हवी होती, तेवढी राहिली होती. आम्ही लगेच दुसरा मेल लिहिला आणि प्रकरण निस्तरले.

शालिमारच्या मागच्या गल्लीत झेरॉक्स आणि डीटीपीचे एक दुकान आहे, तिथे माझे टेबल. लोक स्वतः लिहिलेले इंग्रजी घेऊन येतात, मी ते नीट करून देते. दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षे बाहेर पाठवणारे, अंबड-सातपूरचे सुपरवायझर, परदेशी कॉलेजांना अर्ज करणारी कॉलेज रोडची मुले, कोर्टातले ज्युनिअर वकील. शब्द हल्ली फारसे चुकत नाहीत, मोबाइल ते दुरुस्त करून देतो. चुकतात ती चिन्हे. आणि सगळे जण जवळजवळ त्याच पाच-सहा जागी चुकतात, जणू एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकले आहेत. बरीच वर्षे मला वाटत होते की हा निष्काळजीपणा. मग लक्षात आले की यातल्या बहुतेक चुका मराठीच्या हिशोबाने बरोबर आहेत. आपण इंग्रजीत मराठी चिन्हे लावतो, एवढेच.

पुढची इंग्रजी वाक्ये मी मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे. इंग्रजी अक्षरे दिसली की आपली नजर आधी स्पेलिंगवर जाते. आज ती चिन्हांवर राहू द्या.

शाळेत आपल्याला शिकवतात की वाचताना जिथे थोडे थांबतो तिथे स्वल्पविराम. मराठीत हा नियम चालून जातो, कारण मराठीत ही चिन्हे तशी पाहुणीच आहेत. पोथ्यांमध्ये दंड असायचा, ओवी संपली की दोन उभ्या रेघा, बस्स. मोडीत तर आधी वरची रेघ मारायची आणि तिला अक्षरे लटकवत जायचे. दोन शब्दांमध्येही जागा सोडायची पद्धत नव्हती, मग स्वल्पविराम कुठला? गंगापूर रोडवरच्या आनंदवल्लीला रघुनाथरावांच्या आनंदीबाईंचे नाव आहे. 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका त्यांच्याच नावावर जमा आहे. खरे-खोटे इतिहासकार जाणोत, पण तेव्हाच्या मोडी पत्रात घोटाळा करायचा तर अक्षरच बदलावे लागले असते, हे नक्की. स्वल्पविराम हलवून खून पाडायची सोय १७७३ साली मराठीत नव्हती. ती चिन्हे आली इंग्रजांबरोबर. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातले मेजर थॉमस कॅन्डी यांनी १८५० साली विरामचिन्हांवर मराठीत एक छोटी पुस्तिका काढली आणि छापखान्यांतून ती रुळली. म्हणजे पावणेदोनशे वर्षांची ओळख. त्याआधीचे सगळे मराठी, गाथ्यापासून बखरींपर्यंत, या चिन्हांवाचून लिहिले गेले आणि लोकांना समजले.

ते कसे समजले, यातच सगळी गोम आहे. 'रामाने रावणाला मारले.' 'रावणाला रामाने मारले.' 'मारले रावणाला रामाने.' शब्द कसेही फिरवा, मेला रावणच. 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय शब्दाला चिकटून बसतात आणि कोणाचे कोणाशी काय नाते ते सांगतात. इंग्रजीत हे प्रत्यय जवळपास उरलेच नाहीत. तिथे नाव पुढे आले तर मारणारा, मागे आले तर मरणारा. शब्दाची जागा हेच नाते. आणि जिथे जागेवरून भागत नाही तिथे चिन्ह कामाला लागते.

खुद्द युरोपातही ही चिन्हे सुरुवातीला श्वासासाठीच होती. ख्रिस्तपूर्व काळात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या ॲरिस्टोफेनीस याने मोठ्याने वाचणाऱ्यांसाठी तीन उंचीवर तीन ठिपके ठरवले होते: थोडे थांबा, मध्यम थांबा, पुरते थांबा. 'कॉमा' हा शब्द मूळचा ग्रीक, त्याचा अर्थ कापलेला तुकडा. पुढे पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यात अर्धविराम जन्मला, मनातल्या मनात वाचणे वाढले, आणि चिन्हे हळूहळू श्वासाकडून व्याकरणाकडे सरकली. आजच्या इंग्रजीत स्वल्पविराम बहुतेक वेळा सांगतो की हा तुकडा त्या तुकड्याला जोडलेला नाही. तुम्हाला दम लागला की नाही, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

आता द्राक्षांकडे येऊ. एका बागायतदाराने हॉलंडच्या व्यापाऱ्याला लिहिलेले पत्र माझ्याकडे आले. कंटेनरमधल्या काही पेट्या खराब निघाल्या होत्या, तेवढ्याच बदलून द्यायच्या होत्या. पत्रात होते: 'द ग्रेप्स, विच वेअर डॅमेज्ड, वुइल बी रिप्लेस्ड.' दोन स्वल्पविराम, वाचताना थांबायला छान. पण या वाक्याचा अर्थ होतो: द्राक्षे खराब होती आणि ती बदलून दिली जातील. सगळी. आख्खा कंटेनर. दोन्ही स्वल्पविराम काढून टाकले की उरते: जी द्राक्षे खराब होती ती बदलून दिली जातील. शब्द तेच, क्रम तोच, फरक काही लाखांचा.

यावर व्याकरणाची पुस्तके लांबलचक नावे देतात. मराठी माणसाला त्यांची गरज नाही, कारण आपल्याकडे 'जो-तो' आहे. इंग्रजी वाक्यातला 'हू' किंवा 'विच'चा तुकडा मनात मराठीत आणा. तो 'जो... तो', 'जी... ती' असा बसत असेल, म्हणजे अनेकांतला कोणता हे निवडून दाखवत असेल, तर स्वल्पविराम नको. तो तुकडा 'आणि हो, बरं का' अशा सुरात जादा माहिती देत असेल तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवा. 'माझा जो भाऊ पुण्यात असतो तो डॉक्टर आहे', म्हणजे भाऊ एकाहून जास्त. इंग्रजीत 'माय ब्रदर हू लिव्हज इन पुणे इज अ डॉक्टर', मध्ये काही नाही. 'माझा भाऊ डॉक्टर आहे, पुण्यात असतो बरं का', म्हणजे भाऊ एकच. इंग्रजीत 'माय ब्रदर, हू लिव्हज इन पुणे, इज अ डॉक्टर'. नातेवाइकांची मोजदाद स्वल्पविरामावरून होते. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात एका मुलीने 'माय फादर' आणि 'हू' यांच्या मध्ये स्वल्पविराम दिला नव्हता. मी तिला विचारले, वडील किती? ती हसली, पण तो स्वल्पविराम आता कधी विसरणार नाही.

यात एक गोष्ट मी सगळ्यांना बजावते: हे स्वल्पविराम जोडीने येतात. तुकडा उघडला तर बंदही करायचा, कंसासारखा. आपण पहिला देतो आणि दुसरा विसरतो. एकच बैल जुंपला की गाडी जशी एका अंगाला ओढत जाते तसे ते वाक्य दिसते.

दुसरी खास आपली चूक म्हणजे 'की'. मराठीत 'त्यांनी सांगितले की,' असे लिहून स्वल्पविराम द्यायची सवय वर्तमानपत्रांनी आणि शासकीय पत्रांनी आपल्याला लावली. तीच सवय 'ही टोल्ड दॅट,' अशी इंग्रजीत उतरते. इंग्रजीत 'दॅट'च्या पुढे हा स्वल्पविराम येत नाही, कारण 'दॅट'नेच पुढचे वाक्य मागच्याला बांधलेले असते. नाशिकच्या कुठल्याही कार्यालयातली इंग्रजी फाइल उघडा, पहिल्या पानावर हे दिसेल. अर्ज सुरू होतो 'आय स्टेट दॅट,' आणि संपतो 'आय रिक्वेस्ट दॅट,' असा. नुकसान काही नाही यात, पण वाचणाऱ्याला लगेच कळते की लिहिणारा मनात दुसऱ्या भाषेत बोलतो आहे.

खरे नुकसान होते ते वाक्ये चिकटवण्याने. 'मी काल आलो होतो, तुम्ही नव्हता, मी परत गेलो.' मराठीत हे सरळ, सुरेख वाक्य आहे. इंग्रजीत 'आय केम यस्टरडे, यू वेअर नॉट देअर, आय वेंट बॅक' असे लिहिले की परीक्षक लाल रेघ मारतो. का बरे? आपले क्रियापद शेवटी येते. 'होतो', 'नव्हता', 'गेलो' ऐकू आले की वाक्य संपल्याचे कानाला कळते, मग तिथे स्वल्पविराम असो वा नसो. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जाते आणि वाक्य त्यापुढे किती लांबेल याचा भरवसा नसतो. मालगाडीला शेवटचा डबा असल्याशिवाय फाटकवाल्याला गाडी संपली हे कसे कळणार? म्हणून तिथे पुरते वाक्य संपले की पूर्णविराम, किंवा 'अँड', 'बट', 'सो' असा जोडणारा शब्द, किंवा दोन्ही वाक्ये एकाच गोष्टीची असतील तर अर्धविराम. स्वल्पविरामाला एकट्याने दोन पूर्ण वाक्ये पेलत नाहीत.

इथे एक छुपा खड्डा आहे. 'हाउएव्हर' हा शब्द आपण 'पण'सारखा वापरतो, पण इंग्रजीच्या हिशोबाने तो जोडणारा शब्द नाही. 'बट'च्या आधी स्वल्पविराम पुरतो. 'हाउएव्हर'च्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो आणि त्याच्यानंतर स्वल्पविराम. 'देअरफोर'चेही तेच. आणि नव्या वाक्याचे पहिले अक्षर मोठे. देवनागरीत लहान-मोठे अक्षर नसल्याने आपण पूर्णविराम देतो आणि पुढे लहान अक्षराने चालू लागतो. इंग्रजी वाक्याला दोन कुंपणे असतात, संपल्याचा ठिपका आणि सुरू झाल्याचे मोठे अक्षर. आपण एकच घालतो.

हाका मारतानाही तीच गोष्ट. मराठीत हाक मारायला वेगळे रूप आहे: 'मुलांनो', 'बंधूंनो', 'देवा', 'रामा'. तो 'नो' दिसला की हाक मारली हे कळते. इंग्रजीत 'सर' म्हणजे सर, हाक मारा किंवा ओळख सांगा. 'आय डोन्ट नो सर' असे एका पोराने मुलाखतीनंतरच्या मेलमध्ये लिहिले. त्याला म्हणायचे होते, मला ठाऊक नाही, सर. पण त्या चिन्हाशिवाय वाक्य म्हणते, मी सरांना ओळखत नाही. मराठीत 'सरांना' असे म्हणावे लागले असते, म्हणून घोटाळा होत नाही. इंग्रजीत 'आय डोन्ट नो'नंतरचा स्वल्पविराम हाच तो फरक. 'थँक यू, सर', 'येस, मॅडम', 'गुड मॉर्निंग, काका': हाक नेहमी स्वल्पविरामाने वेगळी. तरी 'हाय सर' मध्ये आता कोणी देत नाही आणि मीही सोडून दिले आहे. सगळीकडे भांडायला वेळ कुठे आहे?

आता त्या वरच्या टिंबाकडे. ॲपोस्ट्रॉफीला आमच्याकडे येणारे निम्मे लोक 'वरचा कॉमा' म्हणतात आणि निम्मे 'ते वरचं टिंब'. मराठीत याला जोड नाही असे वाटते, पण आहे, फक्त आपण ती पोथीत ठेवून आलो. 'सोऽहम्' मध्ये जो 'ऽ' असतो तो अवग्रह. 'सः' आणि 'अहम्' एकत्र आले, मधला 'अ' लोपला, आणि इथे काहीतरी होते हे सांगायला ते चिन्ह राहिले. ॲपोस्ट्रॉफीचे पहिले काम हेच. 'डू नॉट'चे 'डोन'ट' होताना 'नॉट'मधला 'ओ' गळतो, त्याच्या जागेवर चिन्ह बसते. 'इट इज'चे 'इट'स' होताना 'आय' गळतो. ज्याने एकदा अवग्रह समजून घेतला त्याला हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

दुसरे काम मालकीचे, आणि तिथेही मराठीत नेमके तसे एक टिंब आहे. 'शेतकऱ्याची मागणी' आणि 'शेतकऱ्यांची मागणी' यांत काय फरक? एक अनुस्वार. एक शेतकरी की अनेक, हे ते टिंब सांगते. इंग्रजीत तेच काम ॲपोस्ट्रॉफी जागा बदलून करते. 'फार्मर'स डिमांड', चिन्ह 'एस'च्या आधी: एकाची मागणी. 'फार्मर्स' डिमांड', चिन्ह 'एस'च्या नंतर: अनेकांची. आपल्याकडे टिंब असते किंवा नसते, त्यांच्याकडे ते अलीकडे असते किंवा पलीकडे. मुलांच्या वसतिगृहाच्या पाटीवर चिन्ह 'एस'च्या आधी पडले तर आख्खे वसतिगृह एकाच मुलाचे होते. नाशिकमध्ये अशा एका मुलाची इस्टेट बरीच आहे.

आणि 'इट्स'? हे सगळ्यांना चकवते, इंग्रजांनाही. 'त्याचा, तिचा, त्याचे' या अर्थाच्या 'इट्स'ला चिन्ह नाही. 'इट इज'च्या 'इट'स'ला आहे. वाटते उलटे, कारण मालकीला चिन्ह लागते असे आत्ताच मी म्हणाले. पण मालकी सांगणाऱ्या या सर्वनामांना ते कधीच लागत नाही. 'हिज'ला नाही, 'अवर्स'ला नाही, 'देअर्स'ला नाही, तसेच 'इट्स'लाही नाही. परीक्षा सोपी आहे: 'इट इज' असे सुटे करून वाचा. वाक्य टिकले तर चिन्ह द्या, कोसळले तर देऊ नका. सतराव्या-अठराव्या शतकात छापील इंग्रजीतही मालकीच्या 'इट्स'ला हे चिन्ह सर्रास दिसते, त्यामुळे आपण चुकलो तर चुकीला निदान घराणे चांगले आहे.

अनेकवचनाला मात्र हे चिन्ह कधीच नाही. एकाहून जास्त रोल, एकाहून जास्त केक, एकाहून जास्त ज्यूस: फक्त 'एस'. कॉलेज रोडवरून संध्याकाळी एक चक्कर मारा, दर तिसऱ्या पाटीवर हे वरचे टिंब सापडेल. ते तिथे अर्थासाठी नसते, दागिना म्हणून असते.

कायद्यातले एक उदाहरण मला फार आवडते, कारण ते महाराष्ट्रातले आहे. औषधांचा आणि सौंदर्यप्रसाधनांचा १९४० चा कायदा आहे. त्याच्या २७ व्या कलमात शिक्षा कोणाला, याची यादी होती: जो 'मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल' वगैरे. एका माणसाकडे औषधे सापडली. ती विकायला ठेवली होती हे सिद्ध होत नव्हते, नुसती जवळ होती. मग नुसते 'स्टॉक्स', म्हणजे साठा करणे, हा गुन्हा की विक्रीसाठी साठा करणे हा गुन्हा? प्रकरण सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. न्यायालयाने दाखवले की 'मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल'नंतर स्वल्पविराम आहे, 'सेल्स'नंतर आहे, पण 'स्टॉक्स'नंतर नाही. तो नाही याचा अर्थ 'स्टॉक्स' हा शब्द स्वतंत्र उभा नाही. पुढचा 'फॉर सेल' त्यालाही लागू आहे. म्हणून विक्रीचा हेतू सिद्ध झाल्याशिवाय गुन्हा नाही. माणूस सुटला. जो स्वल्पविराम कागदावर नव्हताच त्याने त्याला सोडवले. मराठीत 'विक्रीसाठी साठवतो किंवा मांडतो' असे लिहिले की 'विक्रीसाठी' आधीच येते आणि दोघांनाही कवेत घेते. इंग्रजीत ते शेपटीला येते, मग शेपूट कोणाची हे चिन्हांवरून ठरवावे लागते.

ज्युनिअर वकिलांना हे सांगितले की त्यांचे डोळे चमकतात, म्हणून लगेच दुसरी बाजूही सांगते. याच न्यायालयाने १९५२ साली एका प्रकरणात म्हटले होते की कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हे ही तशी गौण बाब आहे. शब्दांवरून अर्थ स्वच्छ निघत असेल तर एखाद्या स्वल्पविरामाच्या जोरावर तो उलटा फिरवता येत नाही. न्यायालयाकडे बाकीचा कायदा, त्याचा हेतू, जुने निकाल हे सगळे समोर असते. तुमचा मेल वाचणाऱ्याकडे फक्त तुमचा मेल असतो.

बाहेरचे दोनच दाखले देते. १८७२ च्या अमेरिकी जकात कायद्यात जकात माफ असलेल्या वस्तूंत फळांची रोपे, म्हणजे 'फ्रूट प्लँट्स', घालायची होती. दोन शब्दांच्या मध्ये एक स्वल्पविराम पडला आणि 'फ्रूट, प्लँट्स' झाले. रोपे सुटलीच, फळेही सुटली. सरकारला लाखो डॉलरच्या जकातीवर पाणी सोडावे लागले. दुसरा दाखला अलीकडचा. अमेरिकेतल्याच मेन राज्यातल्या ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांनी जादा कामाच्या पैशांसाठी दावा लावला. ज्या कामांना जादा पैसे लागू नव्हते त्यांच्या कायद्यातल्या यादीत शेवटच्या 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता, त्यामुळे माल पोचवणे हे वेगळे काम की पॅकिंगचाच भाग, हे धड कळत नव्हते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने संशयाचा फायदा ड्रायव्हरांना दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. यादीतल्या शेवटच्या 'अँड'-'ऑर'च्या आधी हा स्वल्पविराम द्यावा की नाही यावर इंग्रजी जाणकारांचे दोन तट आहेत. ऑक्सफर्डचे छापखानेवाले देतात, बरीच वर्तमानपत्रे देत नाहीत. माझे मत विचाराल तर पत्रात ऐच्छिक, करारात सक्तीचा.

द्राक्षवाल्यांसाठी याहून महत्त्वाचा एक स्वल्पविराम आहे, आणि तो अक्षरांत नसतो, आकड्यांत असतो. आपण १,२५० किलो लिहितो तेव्हा साडेबाराशे किलो म्हणतो. नेदरलँड्स आणि जर्मनीत स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे आणि हजाराला टिंब देतात. तिथला माणूस त्याच्या सवयीने वाचेल तर १,२५० किलो म्हणजे सव्वा किलो. उलट त्याने १.२५० लिहिले की तो साडेबाराशे म्हणतो आणि आपण सव्वा वाचतो. शिवाय लाख-कोटीचे आपले गट वेगळे. आपले १२,५०,००० त्यांना छपाईची चूक वाटते, त्यांना १,२५०,००० पाहायची सवय. या भांडणावर तोडगा निघालेला आहे. वजने-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ साली पुन्हा एकदा सांगितले की तीन-तीन अंकांचे गट करताना ना टिंब, ना स्वल्पविराम, नुसती मोकळी जागा सोडा. निर्यातीच्या कागदावर मी तेच करायला लावते आणि शेजारी आकडा अक्षरी लिहायला लावते. सुरुवातीला लोक कुरकुरतात. एकदा फोनवर अर्धा तास सव्वा आणि साडेबाराशे यांचा वाद घातला की नंतर कुरकुरत नाहीत.

बाकीचे भरभर सांगते. 'नाव :-' मधले ते अपूर्णविराम आणि रेघ यांचे जोडपे इंग्रजीत नको. आपल्याकडे ते टिकले, कारण नुसते दोन ठिपके विसर्गासारखे दिसतात. इंग्रजीत विसर्ग नाही, तिथे दोन ठिपके पुरतात, आणि त्यांच्या आधीचे वाक्य पुरे असावे लागते. 'द आयटेम्स आर' एवढ्यावर थांबून दोन ठिपके देऊ नका. 'तो कुठे आहे असे मी विचारले' याला इंग्रजीत प्रश्नचिन्ह नाही. विचारल्याची बातमी हा प्रश्न नव्हे. स्वल्पविराम आणि पूर्णविराम आधीच्या शब्दाला चिकटून, मोकळी जागा त्यांच्या पुढे. पूर्णविरामानंतर दोन जागा सोडायची सवय टाइपरायटरची, आता एक पुरते. तीन उद्गारचिन्हे दिल्याने कोणी तिप्पट चकित होत नाही. आणि एखाद्या शब्दावर जोर द्यायला अवतरणचिन्हे देऊ नका. इंग्रजी वाचणारा त्यातून 'म्हणे' असा अर्थ काढतो. दुकानाच्या पाटीवर 'ताजे' हा शब्द अवतरणचिन्हांत आला की तो म्हणणार, ताजे म्हणे!

गेल्या आठवड्यात शेजारचा फ्लेक्सवाला एक डिझाइन घेऊन आला. भेळ, रोल, ज्यूस असे दुकान, इंग्रजीत नाव, आणि 'रोल्स'च्या 'एस'च्या डोक्यावर ते टिंब.

"ताई, हे बरोबर आहे ना?"

"काढ ते. अनेकवचन आहे, तिथे नाही लागत."

"अहो, पण सगळ्यांच्या पाटीवर असतं. पार्टी म्हणेल, याने काहीतरी विसरलं."

"म्हणू दे. काढ."

त्याने ते काढले, स्क्रीनकडे पाहत थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "जागा रिकामी दिसते हो." संध्याकाळी पाटी छापून आली तेव्हा टिंब नव्हते. बरोबर त्याच जागी, 'एस'च्या डोक्यावर, हिरव्या पानासकट द्राक्षाचा एक छोटा घड लटकत होता.